घरची बोली आणि वाचोपचार

मुलाच्या वाचादोषावर उपचार करताना प्रत्येक मुलासाठी निराळी योजना आखावी आणि तीत आईबापांस सामील करून घ्यावे, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. त्याविषयी वाद नाही. आक्षेप आहे तो त्याच्या अर्ध्यामुर्ध्या अंमलबजावणीवर. योजना मुलागणिक बदलते. तिची भाषा मात्र बदलत नाही.

महाडहून रायगडाकडे जाताना लागणारे नाते हे गाव चिंतामणराव देशमुखांचे जन्मस्थान म्हणून वाचकांस ठाऊक असेल. तेथील एखाद्या कुणबी घरातील चार वर्षांचे मूल कल्पावे. ते 'पानी' म्हणते. चित्रसंचातील अपेक्षित शब्द 'पाणी'. तपासणारा 'ण'च्या जागी 'न' अशी नोंद करतो आणि घरच्या सरावासाठी 'ण'चे शब्द देतो. आईने तो सराव घ्यावा कसा? तिच्याही तोंडी 'पानी'च आहे. नोंदलेला दोष मुलाचा नव्हे, घराचा ठरला. आणि साऱ्या घराचा ठरला म्हणजे तो दोषच नव्हे. उलट तेच मूल 'तानी' म्हणत असेल, तर तेथे उपचाराला खरे काम आहे. हा भेद ओळखण्यास तयार कानाबरोबर बोलीचे ज्ञान लागते.

ते दुर्लभ आहे असेही नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांचा महाडच्या कुणबी बोलीवरील ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. ग्रीअर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड तर १९०५ चा. हे साहित्य भाषाशास्त्राच्या कपाटातच राहावे, ही दोन्ही विद्याशाखांची उणीव होय. अर्थात बोलीचे असे वर्णन प्रौढांच्या बोलण्यावर आधारलेले असते. कोणता ध्वनी मुलाच्या तोंडी कोणत्या वयात स्थिरावतो, हे त्यावरून कळत नाही. ते काम बोलीच्या अभ्यासकानेच अंगावर घ्यावयास हवे. इंग्रजीची कोणतीही सामाजिक बोली ही वाचाविकृती नव्हे, अशी भूमिका अमेरिकेतील वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९८३ मध्ये घेतली. मुंबईत अली यावर जंग संस्था स्थापन झाली, तीही त्याच वर्षी.

पालकांच्या सहभागाचा अर्थही तपासून पाहिला पाहिजे. (कोकणात बाप पुष्कळदा मुंबईस नोकरीला, तेव्हा 'पालक' म्हणजे व्यवहारात आई किंवा आजी.) आयला मॅनोल्सन यांनी १९७५ मध्ये कॅनडात सुरू केलेल्या हानेन कार्यक्रमात पालकांस धडे गिरवून घेण्यास शिकवले नाही; मुलाच्या पुढाकाराची वाट पाहण्यास आणि त्याच्या शब्दास आपला शब्द जोडण्यास शिकवले. मूल 'गाय' म्हणाले, तर आईने 'गाय आली दारात' म्हणावे, एवढेच. हे तिला स्वतःच्या बोलीतच सहज साधेल. शुद्ध उच्चाराच्या धाकाने ती बोलताना अडखळू लागली, तर मुलाशी दिवसभर बोलणारे माणूसच उपचाराने गप्प केले असे होईल.

आईलाच मुलाने 'शुद्ध' बोलावे असे वाटते, असे यावर कोणी म्हणेल. ते खोटे नाही. शाळाही तेच मागते. परंतु प्रमाणभाषा शिकवणे हे शिक्षणाचे काम आहे, वाचोपचाराचे नव्हे, आणि ज्याच्या तोंडी अद्याप घरचीच बोली बसलेली नाही त्याच्यावर दुसरीचे ओझे लादणे घाईचे आहे. नात्याहून मुंबई दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. तज्ज्ञाची भेट महिन्याकाठी एकदा घडली तरी पुष्कळ. उरलेले दिवस चुलीपाशी जे बोलले जाते, तोच उपचार. तेव्हा तपासणीच्या कागदावर वयाशेजारी घरच्या बोलीचा रकाना असावा, आणि मुलाआधी आईला बोलते करून तो भरावा.