गर्भाशयमुखाचे मृदूकरण : घरी की रुग्णालयात? सास्तूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
दिवस भरूनही कळा न आलेल्या स्त्रीची प्रसूती घडवून आणताना गर्भाशयमुख कठीण असल्यास ते आधी मऊ करावे लागते. त्यासाठी मिसोप्रोस्टॉल, डायनोप्रोस्टोन ही औषधे किंवा फॉलीच्या नळीचा फुगा वापरतात. हा काळ स्त्रीने दाखल होऊन काढावा की घरी, हा येथील प्रश्न आहे. कोणतीही गुंतागुंत नसलेल्या व घरी जाऊ इच्छिणाऱ्या स्त्रीसाठी घरचा पर्याय विचारात घ्यावा, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये सुचविले.

विवेचन :
या सूचनेमागील पुरावा तोकडा आहे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात केवळ सात चाचण्या समाविष्ट होत्या. बाळाच्या जिवासारख्या विरळ घटनांबाबत एवढ्या संख्येवरून ठाम विधान करता येत नाही.

महाराष्ट्रातील महत्त्वाचा अभ्यास नागपूरचा. तेथे उच्च रक्तदाबाच्या ६०२ गर्भवतींमध्ये तोंडावाटे मिसोप्रोस्टॉल व फॉलीची नळी यांची तुलना झाली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस तासांत योनिमार्गे प्रसूती गोळ्यांच्या गटात ५७ टक्के, नळीच्या गटात ४७ टक्के. या स्त्रिया जोखमीच्या होत्या व दाखल होत्या. त्यामुळे हे आकडे घरच्या पर्यायाला थेट लागू होत नाहीत. तरीही त्यातून एक अडचण दिसते. गोळ्यांनी कळांचा अतिरेक होऊ शकतो, म्हणून देखरेख हवी. घरी पाठविण्यास तुलनेने सुरक्षित मानला जातो तो फुगा, आणि नागपुरात तोच कमी प्रभावी ठरला.

याहून मोठा दोष ‘घर’ या शब्दाच्या वापरात आहे. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले गाव. आज तेथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. या भागात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. तपासण्या सासरच्या गावी झालेल्या, अखेरचे आठवडे माहेरी. ‘कमी जोखीम’ हा शिक्का ज्या नोंदींवर मारायचा, त्याच दोन गावांत विभागलेल्या! पाळीची तारीख चुकली तर दिवस भरले हेच मुळात अनिश्चित.

वाहनाचेही तसेच. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात आणि प्रसूतीनंतर घरी, असा मोफत प्रवास गृहीत आहे. नळी बसवून सायंकाळी घरी जायचे व पाणमोट फुटताच रात्री परत यायचे, हा प्रवास त्या रचनेत सहज बसत नाही. फोन उचलणारी परिचारिका, रात्री मिळणारी गाडी व निर्णय घेऊ शकणारे माणूस नसेल तर खाट वाचते, पण जोखीम आईच्या अंथरुणाशी जाते.

वस्तुतः तिसरा मार्ग राज्याला अपरिचित नाही. आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ गर्भवतीने प्रसूतीपूर्वी राहावे म्हणून ‘माहेरघर’ योजना आहे. घर व वॉर्ड यांमधील अशा खोलीत, परिचारिकेच्या हाकेच्या अंतरावर, फुगा बसविलेली स्त्री सोबतीला आई घेऊन रात्र काढू शकेल. परंतु उपरोक्त तुलनेत रकाने दोनच आहेत.