खांबाला टांगलेलं इरलं

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. जपानी कवी बाशो स्वतःसाठी याच जातीच्या दोन प्रतिमा घेतो आणि त्या उलट्या करतो. तो आहे कोश हरवलेली अळी, शंख सोडून आलेली गोगलगाय. या प्रतिमा 'गेन्जूआन नो की' या त्याच्या छोट्या गद्यलेखात येतात. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठी घरात रुळला, पण बाशोच्या गद्यापाशी आपण क्वचितच थांबतो. या लेखापाशी तरी थांबायला हवं.

१६८९ साली बाशो सुमारे पाच महिने उत्तर जपानात पायी फिरला. पुढच्या उन्हाळ्यात तो बिवा सरोवराच्या दक्षिण टोकाला, तळ्याकाठच्या झेझे नावाच्या किल्ल्याच्या गावात राहणाऱ्या एका शिष्याच्या आधाराने मुक्कामाला आला. शिष्याच्या दिवंगत काकांची कुटी जवळच्या डोंगरावर रिकामी पडली होती. गवत माजलेलं, छप्पर गळकं, भिंती ढासळलेल्या. चार दिवस राहू म्हणून आलेला बाशो तिथे साडेतीन महिने राहिला.

त्याच मुक्कामावरच्या या लेखात स्वतःकडे पाहताना त्याला दिसतो उन्हाने रापलेला चेहरा आणि खडबडीत किनाऱ्यांवर सोललेल्या टाचा. लगेच पुढे येतं टिबुकलीचं घरटं. हा पक्षी पाण्यावर तरंगतं घरटं बांधतो. ते वाहून जात नाही ते एखाद्या बोरूच्या आधारावर. बिवाचं जुनं नावही याच पक्ष्यावरून पडलेलं, म्हणजे प्रतिमा त्याला त्या पाण्यातच सापडली. आणि ती किती नेमकी आहे! घरटं तरंगत राहतं, फक्त एका काडीने धरलेलं. वाटेवरच्या माणसाच्या विश्रांतीचं याहून खरं वर्णन मी वाचलेलं नाही.

मग तळं येतं. इथे भाषेची चालच बदलते. लांब वाक्यं थांबतात आणि एकेक गोष्ट नुसती मोजली जाते: किल्ला, पूल, गळ टाकलेल्या होड्या. दमलेला माणूस ओटीवर टेकून समोर बघतो, तेव्हा त्याचे डोळे असेच फिरतात. कशावर काही म्हणायची घाई नसते. मागच्या शिखरावर त्याने पाइनच्या झाडात एक माचाण बांधलं, गवताची गोल चटई अंथरली आणि त्याला माकडाची बैठक असं नाव दिलं. दरीतल्या झऱ्याचं पाणी तो स्वतः आणतो, स्वतः रांधतो. गावकरी येऊन बसतात. रानडुकरांनी भात खाल्लं, ससे पावट्याच्या शेतात शिरतात, अशा गप्पा होतात. मोठा कवी शेजारी बसलाय याचं कुणाला ओझं नाही.

कुटीत सामान जवळपास नाहीच. उशाच्या खांबाला फक्त किसोची लाकडी पट्ट्यांची टोपी आणि कोशीचं गवती इरलं टांगलेलं. माझ्या मते सगळा लेख या खांबावर तोललेला आहे. सॅक पाठीवरून उतरवली की घामेजल्या पाठीला वारा लागतो. पट्ट्यांचे वळ मात्र खांद्यावर राहतात. बाशो टोपी-इरलं पेटीत ठेवत नाही. झोपताना नजरेसमोर ठेवतो. इतकं निवांत असूनही लेखात कुठे सुस्ती येत नाही, ती त्या खांबामुळे. हा निवांतपणा त्याला लिहिता लिहिता सहज लाभला असंही नाही. या मजकुराचे खर्डे त्याने पुन्हा पुन्हा केले होते.

शेवटी तो आयुष्याचा हिशेब मांडायला लागतो. कधी नोकरीचा मोह पडला, कधी मठाचा. हा भाग मला थोडा जड वाटतो. पण अखेरच्या हायकूत तो पुन्हा कुटीजवळच्या एका झाडापाशी येतो आणि उन्हाळ्यापुरता त्याच्यावर विसंबतो.

शरद ऋतूच्या तोंडावर त्याने ती कुटी सोडली. १६९४ मध्ये ओसाकात त्याचं निधन झालं. त्याच्याच इच्छेप्रमाणे शिष्यांनी त्याचा देह रात्री नावेतून योदो नदीने वर नेला आणि ओत्सूच्या गिचूजी मंदिरात, याच सरोवराजवळ, पुरला.