मसाल्याचे क्रियापद

आपल्या वाङ्मयविचाराने स्वयंपाकघराकडून पुष्कळ उसने घेतले आहे. परतफेड मात्र केलेली नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना दृष्टान्त घेतला तो अन्नाचा. नाना व्यंजने, औषधी व द्रव्ये यांच्या संयोगाने अन्नात जसा रस निष्पन्न होतो तसा नाना भावांच्या योगाने नाट्यात होतो, असे त्याचे म्हणणे. पुढे आलंकारिकांनी ‘आस्वाद’, ‘चर्वणा’, ‘पाक’ हे शब्द इतके वापरले की ते मूळचे चुलीजवळचे आहेत याचा आपल्याला विसर पडला. परंतु प्रत्यक्ष पाकक्रिया सांगणाऱ्या ग्रंथाचे गद्य कसे असते, ते कोठे साधते व कोठे फसते, हा प्रश्न आपल्या टीकाकारांनी फारसा विचारलेला नाही. पाकग्रंथ म्हणजे उपयुक्त पुस्तक, आणि उपयुक्त पुस्तकाला शैली कसली, अशी आपली एक सोयीची समजूत आहे.

प्रस्तुत लेखात तो प्रश्न मसाल्यापुरता विचारावयाचा आहे. पाकग्रंथकाराची खरी कसोटी तेथेच लागते. तांदूळ मोजता येतात, पाणी मापता येते; पण धने किती भाजले म्हणजे ‘भाजले’ म्हणावयाचे हे कोणत्याही मापाने सांगता येत नाही, ते भाषेनेच सांगावे लागते. शिवाय मसाल्यांची यादी म्हणजे मसाला नव्हे. मेक्सिकोत, मोरोक्कोत आणि मिरजेत जिरे तेच असते. त्याचे पुढे काय करावयाचे हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते, म्हणून पदार्थ निराळा होतो. नामे सर्वांची सारखी, क्रियापदे ज्याची त्याची. जन्मभर वर्गात व्याकरण शिकविणाऱ्या माणसाने असे म्हणावे यात वाचकांना नवल वाटू नये.

प्रथम रोमकडे पाहू. एपिशियसच्या नावावर मोडणारा, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास आजच्या रूपात सिद्ध झालेला लॅटिन पाकग्रंथ हा पाश्चात्त्य पाकवाङ्मयातील आद्य मानला जातो. त्यातील बहुतेक पाककृतींत मिरे आहेत. हे मिरे आपल्या मलबार किनाऱ्यावरून जात. पहिल्या शतकातील प्लिनीने त्यांचे भावही नोंदवून ठेविले आहेत: पिंपळी शेराला पंधरा दिनार, पांढरे मिरे सात, काळे मिरे चार. ज्याच्यात तिखटपणाखेरीज दुसरा गुण नाही असे हे फळ लोकांना इतके का आवडावे, असा प्रश्नही त्याने त्रासून विचारला आहे. (येथे ‘शेर’ हा रोमन रत्तलासाठी सैलपणे वापरलेला शब्द समजावा.) युरोपात मसाले वापरीत ते सडक्या मांसाचा वास झाकण्यासाठी, असे शालेय पुस्तकांतूनही वाचावयास मिळते, ते या भावांपुढे टिकत नाही. ज्याला मिरे परवडत त्याला ताजे मांस सहज परवडत असे.

एपिशियसचे गद्य मात्र कोरडे आहे. मिरे वाट, अमुक पाला घाल, मध, शिर्का, माशाचा खारट रस. बहुधा माप नाही, वेळ नाही. जाणत्या आचाऱ्याने जाणत्या आचाऱ्यासाठी केलेले ते टिपण आहे, आणि तेवढ्यापुरते त्याला दोष देता येणार नाही. पण एका ठिकाणी हा रुक्ष ग्रंथकार एकाएकी बोलका होतो, आणि ते ठिकाण आहे हिंगाचे.

त्याची पूर्वपीठिका थोडी सांगितली पाहिजे. उत्तर आफ्रिकेतील सायरिनी येथे सिल्फियम नावाची एक वनस्पती होत असे. तिचा चीक रोमन लोकांना फार प्रिय. प्लिनीच्या काळापर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली होती. अलीकडच्या काळात तिचा एकच दांडा सापडला व तो सम्राट नीरोला नजर करण्यात आला, असे तो लिहितो. मग तिच्या जागी इराणकडचा चीक आला, म्हणजेच आपला हिंग. हा जिन्नस महाग. तेव्हा एपिशियस युक्ती सांगतो ती अशी: औंसभर चीक काचेच्या बरणीत वीस-एक चिलगोज्यांसमवेत ठेवावा; लागेल तेव्हा त्यांतले काही दाणे कुटून घालावेत, चवीने तुम्ही चकित व्हाल; आणि काढले तितके दाणे पुन्हा बरणीत टाकावेत. हिंग जागचा हलत नाही, त्याचा वास तेवढा खर्ची पडतो. संपूर्ण ग्रंथात घरातले माणूस बोलत आहे असे वाटावे ते येथे. काटकसर असल्याखेरीज असे वाक्य सुचत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सुमारे 1130 चा. आम्हा बडोदेकरांना त्याचे विशेष अगत्य. कारण तो श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली येथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत 1925 पासून खंडशः प्रसिद्ध झाला. मराठी पद्याचे अतिप्राचीन नमुने त्यात आढळतात म्हणून आमचे अभ्यासक त्याच्याकडे वळतात, आणि तेवढे टिपून पुढे जातात. त्याच ग्रंथातील ‘अन्नभोग’ प्रकरणात उडदाच्या पिठाची ‘इड्डरिका’ आहे, तिच्यावर मिऱ्यांची पूड, जिरे आणि हिंग आहे; हिंग पाण्यात कालवून घालण्याची रीत आहे. मिरचीचा अर्थातच पत्ता नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर यावयास अजून चार शतके अवकाश होता. येताना तिने स्वतःचे नावही आणले नाही. मिऱ्याचे नाव घेऊन ती आपल्या घरात शिरली आणि मिऱ्यालाच मागल्या ओसरीवर बसविले.

मानसोल्लासाच्या पाकविवेचनाची पुष्कळांनी स्तुती केली आहे. माहितीच्या दृष्टीने ती रास्तच आहे. पण वाङ्मय म्हणून पाहू जाता मला त्यात एक उणीव जाणवते. हे प्रकरण राजाच्या वीस उपभोगांपैकी एक आहे. स्नान, तांबूल, विलेपन, वस्त्रे यांच्या पंक्तीला अन्न. क्रियापदे सर्व विध्यर्थी आहेत, घालावे, शिजवावे, शिंपडावे. परंतु ती ज्याला उद्देशून आहेत तो आचारी संस्कृत अनुष्टुभ वाचीत बसला असेल हे संभवत नाही. श्लोक वाचणारा रांधीत नव्हता, रांधणारा श्लोक वाचीत नव्हता. त्यामुळे पदार्थाचे रूप डोळ्यांसमोर उभे राहते, पण तो करावा कसा हे हाताला कळत नाही. जे आहे ते पानात वाढलेल्या मसाल्याचे वर्णन.

याच्याच शेजारी मांडूचा ‘नियामतनामा’ ठेवून पाहावा. माळव्याचा सुलतान घियासशहा (कारकीर्द 1469 ते 1500) याच्या दरबारी सुरू झालेला व त्याचा पुत्र नासिरशहा याच्या वेळी पुरा झालेला हा फारसी ग्रंथ. त्याची सचित्र प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि 2005 साली तिचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. हाही राजाचाच ग्रंथ, कस्तुरी, कापूर, केशर यांनी दरवळणारा. तरी त्यात एक वाक्य पुनःपुन्हा येते: तूप तापले म्हणजे त्याला हिंगाचा वास लावावा. किती साधी गोष्ट! पण ‘तूप तापले म्हणजे’ असे लिहिणारा चुलीपाशी उभा राहिलेला असला पाहिजे. फोडणीचे क्रियापद मला येथे स्पष्ट ऐकू येते. मांडूहून इंदूर काही दूर नाही. तेथील आपल्या विद्वान मित्रांपैकी कोणी या ग्रंथाचे मूळ फारसीवरून मराठी भाषांतर मनावर घेईल तर मोठे काम होईल.

परक्या नाकाने केलेली परीक्षा गोव्यात सापडते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली हिंदुस्थानात आला. त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. नुकताच येथे आलेला रुआनो नावाचा कल्पित वैद्य प्रश्न विचारतो व ओर्ता उत्तरे देतो, अशी त्याची रचना. हिंगाच्या संवादात ओर्ता सांगतो, की या देशात औषधात आणि अन्नात याच्याइतके दुसरे काही वापरीत नाहीत. जगातला सर्वांत उग्र वास मला हिंगाचाच वाटतो, परंतु हिंग घातलेल्या भाज्यांना मात्र वाईट वास येत नाही, वाईट चवही लागत नाही. नापसंती आणि अनुभव दोन्ही एका दमात प्रांजळपणे सांगणारा असा साक्षीदार विरळा. विजयनगरची गोष्टही तो देतो. एका पोर्तुगिजाचा उमदा घोडा वायूने हैराण. हिंगाने बरा झाला, तेव्हा राजाने तो विकत घेतला. औषध कोणते विचारता हिंग असे कळले. राजा म्हणाला, यात आश्चर्य ते काय, तुम्ही त्याला देवांचे अन्न चारले. त्यावर पोर्तुगीज हळूच आपल्या भाषेत पुटपुटला, की सैतानांचे म्हणा. एका चिमटीवर दोन संस्कृतींचा वाद इतक्या थोडक्यात मी अन्यत्र वाचलेला नाही.

इंग्रजांच्या हाती मसाला गेला तेव्हा काय झाले? 1747 साली लंडनमध्ये हॅना ग्लास या बाईंचे पाकपुस्तक निघाले. मुखपृष्ठावर नाव नव्हते, ‘एका स्त्रीकडून’ एवढेच. पुष्कळ कृती इतरांच्या पुस्तकांतून उचललेल्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. तरी घरकाम करणाऱ्या मुलींना कळेल अशा भाषेत लिहावयाचे, भारदस्त शब्द टाळावयाचे, ही त्यांची प्रतिज्ञा होती आणि ती त्यांनी पाळली. त्यात ‘हिंदी पद्धतीची करी’ आहे. कोंबडी किंवा ससा, कांदे, तीस मिरे, चमचाभर तांदूळ, आणि धने. हे धने स्वच्छ फावड्यावर घेऊन विस्तवावर तांबूस करावेत व कुटून पूड करावी, असे त्या सांगतात. हळद नाही, आले नाही. ती नंतरच्या आवृत्तीत आली. आपल्याकडील वाचक या ‘करी’ला हसतील. मी हसणार नाही. तव्याऐवजी कोळशाचे फावडे घेतलेल्या त्या बाईंना धने भाजल्यावाचून उपयोग नाही हे ठाऊक होते. मसाल्याची नामे त्यांना दोनच मिळाली, पण क्रियापद अचूक मिळाले. नंतरच्या आवृत्तीत नामे वाढली, आणि 1784 साली तर लंडनच्या वर्तमानपत्रात तयार करी-पुडीची जाहिरात झळकली. पूड विकत आली की भाजणे, कुटणे ही क्रियापदे दुकानदाराकडे जातात. घरात उरते ते ‘घालणे’.

मराठीची श्रीमंती नेमकी या क्रियापदांत आहे. भाजणे, परतणे, वाटणे, कुटणे, ठेचणे, भरडणे, खलणे. यांतील एकाच्या जागी दुसरे चालत नाही. मोहरी तडतडली की, जिरे फुलले की, खोबरे खमंग भाजून, कांदा गुलाबी होईतो, तेल सुटेपर्यंत: या वाक्यखंडांत घड्याळ आहे आणि उष्णतामापकही आहे, तो कानाने, नाकाने व डोळ्याने वाचावयाचा. कमलाबाई ओगले यांच्या 1970 च्या ‘रुचिरा’ने घराघरांत जे स्थान मिळविले त्याचे श्रेय वाटी, चमचा या घरच्या मापांना देण्याचा प्रघात आहे. मापांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. पण केवळ मापांनी पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही. नवशिकी मुलगी ते पुस्तक उघडते तेव्हा तिला आपल्याच घरातली वडीलधारी बाई सांगत असल्याचा भास होतो, तो या बोलीतील क्रियापदांमुळे.

याच्या उलट, अलीकडे पाकिटाच्या पाठीवर आणि बऱ्याच पुस्तकांतही जे गद्य छापले जाते ते पाहावे. ‘मसाला दोन चमचे घालून मिक्स करा.’ ‘मिक्स करा’ हे एकच क्रियापद कालविणे, ढवळणे, घोळणे, मिसळणे, एकजीव करणे या पाचांची जागा गिळून बसले आहे. आपण महाराष्ट्राबाहेरचे लोक. आमच्या घरांतील ही बोली शाळेत शिकविली जात नाही, शब्दकोशांत ती अर्धीमुर्धीच उतरली आहे, आणि आजूबाजूच्या गुजराती, कानडी, हिंदी बाजारात मसाल्यांची नामे पाहता पाहता बदलतात. नामे बदलली तर मला खंत नाही. धने मागताना दुकानात दुसरा शब्द वापरला म्हणून आमटी बिघडत नाही.

तेफळाचेच पाहा. गोव्यात बांगड्याच्या हुमणात ते लागते; चीनच्या सेचवान प्रांतात त्याच्याच कुळातील फळाची साल कोरडी भाजून कुटतात. आपल्याकडे ते वाटणात घालीत नाहीत. किंचित ठेचून, पाण्यात ठेवून, कढ आल्यावर सोडतात, आणि आतली काळी बी आधी काढून टाकतात. मासळीच्या पदार्थांवरील एका अलीकडच्या मराठी पुस्तकात या सर्वांबद्दल ‘तेफळे 7-8’ एवढेच छापलेले मी वाचले. बी काढावी की ठेवावी याविषयी त्यात एक अक्षर नाही.