रक्तपिपासू आणि वेताळ : एका वाचकाची काही मते

अद्भुत आणि भयानक कादंबऱ्यांविषयी आपल्याकडील सुशिक्षित वाचकांचा एक अलिखित संकेत आहे. त्या वाचाव्यात, परंतु वाचल्याचे सांगू नये! ग्रंथालयातून त्या घरी नेणारे हात पुष्कळ असतात. त्यांच्याविषयी चार ओळी लिहिणारा हात मात्र विरळा. शिक्षकांच्या ठायी तर हा संकोच अधिकच असतो. विद्यार्थ्याच्या हाती असे पुस्तक दिसले की ते बाजूला ठेवावयास सांगणे हे आपण कर्तव्य समजतो. प्रस्तुत लेखकानेही ते अनेक वर्षे इमानाने बजावले. पुढे हीच पुस्तके स्वतः वाचल्यावर जी मते बनली, ती येथे मांडावयाची आहेत. ती एका वाचकाची मते आहेत, सिद्धान्त नव्हेत.

आपल्या या अढीस मोठी परंपरा आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) मराठी कादंबरीने अद्भुताचा आश्रय घेतला आणि १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक यांविषयी निबंध’ लिहून असंभाव्यतेविरुद्ध वास्तवाचा पक्ष मांडला. योगायोग असा की, शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ ही रक्तपिपासू स्त्रीची कथाही त्याच वर्षी ग्रंथरूपाने आली. मराठ्यांचा आक्षेप त्या काळी आवश्यकच होता. परंतु त्या आक्षेपाचे पुढे आपण जे सूत्र करून टाकले, ते मला सदोष वाटते. अद्भुत कथेचा दोष ती असंभाव्य असण्यात नसतो. ती निर्नियम असण्यात असतो. जेथे काहीही घडू शकते तेथे काय घडले याचे कुतूहल उरत नाही.

टोल्किनने परीकथांविषयीच्या आपल्या १९३९ च्या व्याख्यानात हीच गोष्ट निराळ्या रीतीने मांडली आहे. लेखक एक दुय्यम सृष्टी निर्माण करतो आणि त्या सृष्टीत जे घडते ते तिच्या नियमांशी सुसंगत असेल तोवरच वाचकाचा विश्वास टिकतो. अर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत वस्तूचे खरे नाव ठाऊक असल्यावाचून तिच्यावर जादू चालत नाही, आणि केलेल्या प्रत्येक जादूचा भार सृष्टीच्या समतोलावर पडतो. गर्वाने एक छाया मुक्त करणाऱ्या गेड या तरुणाला अखेर तिला आपलेच नाव द्यावे लागते. तो शेवट चमत्काराने येत नाही, नियमातून येतो. म्हणून तो पटतो.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’चे (१८९७) बळही माझ्या मते याच गोष्टीत आहे. ड्रॅक्युला काय करू शकतो यापेक्षा काय करू शकत नाही, हेच त्या कादंबरीत अधिक महत्त्वाचे आहे. घरातील कोणी आत बोलावल्याशिवाय तो प्रथम उंबरठा ओलांडू शकत नाही. आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही. विश्रांतीसाठी त्याला स्वतःच्या भूमीचीच माती लागते. म्हणून तर तो मातीने भरलेल्या पन्नास पेट्या घेऊन इंग्लंडास येतो. या मर्यादांमुळेच त्याचा पाठलाग शक्य होतो आणि कथानकास गती मिळते. उंबरठ्याच्या नियमात तर एक नैतिक सत्यही दडलेले आहे: संकट दाराशी आपण होऊन येते, परंतु आत येण्याची अनुज्ञा आपणच देतो.

कादंबरीचे रूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. दैनंदिन्या, पत्रे, तारा, वृत्तपत्रांतील कात्रणे यांतून ती सांगितली जाते. मीना ही स्त्री ते सारे टंकलिखित करून जुळविते. प्रमुख पात्रांची मने त्यांच्या लेखनातून उलगडतात, फक्त ड्रॅक्युलाचे नाही! ज्याच्याविषयी सारे बोलतात त्याचेच मनोगत नसल्यामुळे तो अखेरपर्यंत अगम्य राहतो. स्टोकरची पात्रे अनेकदा एकसुरी आहेत आणि उत्तरार्ध लांबला आहे, हे मान्य करूनही ही योजना असामान्य आहे असेच म्हणावे लागते.

आपल्या साहित्यशास्त्राच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उभा राहतो. भयानकाचा स्थायी भाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. शृंगाराशी या दोहोंचा विरोध मानलेला आहे. रक्तपिपासूच्या कथेत मात्र चुंबन आणि दंश एकाच स्थानी येतात. ‘कार्मिला’तील लॉरा आपल्या पाहुणीकडे ओढलीही जाते आणि तिच्याविषयी तिला किळसही वाटते. हा रसभंग मानावयाचा काय? आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात रसविरोधाची चर्चा करताना विरोधाच्या परिहाराचे मार्गही सांगितले आहेत. एक रस दुसऱ्याचे अंग झाला की विरोध उरत नाही. येथे शृंगार भयाचे अंग होतो. आकर्षण वाटते म्हणूनच भय दुणावते. उलट जेथे रक्ताचे नुसते पाट वाहतात तेथे जुगुप्सा उरते, भय मरते. या प्रकारच्या कादंबऱ्यांत चांगली कोणती आणि वाईट कोणती हे ठरविण्यास ही कसोटी मला उपयोगी पडली आहे.

स्टोकरने न दिलेले मनोगत ॲन राइसने ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ (१९७६) या कादंबरीत दिले. त्यामुळे भय ओसरले, पण त्याच्या जागी शोक आला. क्लॉडिया या बालिकेचे मन प्रौढ होते, शरीर मात्र कधीच वाढत नाही. अमरत्व हाच तिचा कारावास ठरतो. नियम कठोर राहिला आणि त्याचा जाच शिकारीकडून शिकाऱ्याकडे वळला, म्हणून ही कादंबरी मला सरस वाटते. स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’विषयी (२००५) तसे म्हणता येत नाही. तिचे रक्तपिपासू उन्हात जळत नाहीत, झळाळतात. नायकाचे कुटुंब जनावरांच्या रक्तावर निर्वाह करते. आणि नायिकेस अखेर अमरत्व मिळते ते जवळजवळ काहीही न गमावता. किशोरवयीन मनाची हुरहूर लेखिकेने नेमकी पकडली आहे, हे नाकारू नये. परंतु ज्या वराची किंमत मोजावी लागत नाही, त्याची कथा होत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर केले तेव्हा त्याने शीर्षकात वेताळास ‘व्हँपायर’ म्हटले. हा शब्द मला नेहमीच खटकला आहे. आपला वेताळ प्रेतात राहतो हे खरे. पण तो विक्रमाचे रक्त मागत नाही, न्याय मागतो. उत्तर ठाऊक असून मौन धरलेस तर मस्तक फुटेल, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन, असा त्याचा पेच. नियम येथेही तितकाच कडक आहे, मात्र परीक्षा विवेकाची आहे. शेवटी तोच राजास कपटी योग्यापासून वाचवितो. गोव्यात आमोणे, लोलये यांसारख्या गावी तर वेताळ हा पूजेचा देव आहे. उंबरठ्यावर थोपवावयाचा तो परका, आणि सीमेवर राखण करणारा हा आपला. दोघांस एकच नाव कसे शोभेल?

म्हणूनच रक्तपिपासू मराठीत आणणे वाटते तितके सोपे नाही. स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये (१९७५) पाद्र्याची श्रद्धा डळमळताच त्याच्या हातातील क्रूस निष्प्रभ होतो. त्या कादंबरीवरून नारायण धारप यांनी ‘लुचाई’ लिहिली. अशा प्रत्येक रूपांतरकारापुढे खरा प्रश्न पात्रांची नावे बदलण्याचा नसतो. क्रूसाच्या जागी कोणती श्रद्धा ठेवावयाची आणि ती कोठे डळमळते हे दाखवावयाचे, हा असतो. हे ज्याला साधले त्याची कथा मराठी झाली.

तात्पर्य, विद्यार्थ्याच्या हातातील असे पुस्तक आता मी बाजूला ठेवावयास सांगत नाही. या सृष्टीचा नियम कोणता, तो लेखकाने कोठे मोडला आणि कोणी काय किंमत मोजली, एवढे तीन प्रश्न विचारतो. उत्तर देणाऱ्या मुलास साहित्यविचाराचा पहिला पाठ आपोआप मिळतो. वेताळानेही राजास अखेर प्रश्न विचारूनच शहाणे केले, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.