टॅक्सींच्या इंजिनांनी काय सिद्ध केले?

मोटारीच्या इंजिनातले तेल किती दिवसांनी बदलावे, या प्रश्नाला सहसा एका आकड्यात उत्तर मिळते. अमेरिकेत कित्येक दशके हा आकडा ३,००० मैल, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटर होता. आपल्याकडेही 'पाच हजाराला ऑईल बदला' हा गॅरेजमधला सल्ला ओळखीचा आहे. आज भारतात मिळणाऱ्या अनेक पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत मात्र '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते' असे छापलेले असते. युरोपात फोक्सवॅगन कंपनीने ठरावीक दर्जाचे दीर्घायुषी तेल वापरल्यास ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत मुभा दिली. वंगणाचे शास्त्र सगळीकडे एकच आहे. मग आकड्यांत सहा पटींचा फरक कसा पडतो?

या वादात एका चाचणीचा दाखला वारंवार दिला जातो. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकहिताच्या मासिकाने ती केली आणि जुलै १९९६ च्या अंकात तिचे निष्कर्ष छापले. '३,००० मैलांचा नियम म्हणजे गॅरेजवाल्यांचा कावा' असे म्हणणारे लोक याच चाचणीकडे बोट दाखवतात. चाचणी चांगली होती. पण तिच्या नावावर जे खपवले जाते ते तिने सिद्ध केले आहे काय, हे तपासणे विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी उद्बोधक ठरेल.

चाचणीची रचना

मासिकाने न्यूयॉर्क शहरातील ७५ टॅक्सी निवडल्या. सगळ्यांमध्ये एकाच प्रकारची, नव्याने बांधलेली इंजिने बसवली. निरनिराळ्या टॅक्सींत निरनिराळ्या कंपन्यांची तेले भरली आणि प्रत्येक टॅक्सी ६०,००० मैल चालवली. बहुतेकांचे तेल दर ६,००० मैलांनी बदलले. मोजक्या टॅक्सींचे ३,००० मैलांनी. शेवटी इंजिने उघडून भागांची झीज मोजली आणि आत साचलेला गाळ पाहिला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या तेलांत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. ३,००० आणि ६,००० मैल या दोन अंतरांतही आढळला नाही.

या कामाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. मासिक जाहिराती घेत नाही, त्यामुळे तेल विकणाऱ्याचे त्यावर दडपण नव्हते. इंजिने सारखी होती, म्हणजे एक मोठा चल स्थिर ठेवला होता. मुख्य म्हणजे निष्कर्ष कोणाच्या अनुभवावर सोडला नाही, इंजिन उघडून मोजमाप केले. 'माझी गाडी वीस वर्षे उत्तम चालली' या छापाच्या पुराव्यापेक्षा हे कितीतरी वरच्या पायरीवरचे आहे.

तेल म्हातारे कसे होते?

चाचणीच्या मर्यादा कळण्यासाठी तेल खराब होते म्हणजे काय होते, ते पाहावे लागेल. अंतर कापल्याने तेल झिजत नाही. त्यात चार-पाच वेगवेगळे बदल एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकाचा वेग वेगळ्या गोष्टीवर ठरतो.

पहिला बदल ऑक्सिडीकरणाचा. गरम तेलाचा हवेशी संयोग होऊन आम्ले आणि चिकट पदार्थ तयार होतात. तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ठोकताळा इथेही उपयोगी पडतो. घाटात भरलेली गाडी चढवताना हा बदल वेगाने होतो.

दुसरा बदल थंड इंजिनाचा आहे. ऑक्टेनच्या एका रेणूत हायड्रोजनचे १८ अणू असतात. त्यापासून पाण्याचे ९ रेणू तयार होतात. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेन जळले की १६२ ग्रॅम पाणी. या हिशेबाने एक लिटर पेट्रोलपासून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन धुराबरोबर बाहेर जाते. थोडे मात्र पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन चांगले तापलेले असेल तर ते पुन्हा उडून जाते. गाडी दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबली तर ते तेलातच राहते. न जळलेल्या पेट्रोलचेही तसेच. पेट्रोलने तेल पातळ होते, पाण्याने गाळ आणि आम्लाला वाव मिळतो.

तिसरा बदल तेलात मिसळलेल्या रसायनांचा. आम्ल मारणारी अल्कधर्मी द्रव्ये हळूहळू संपतात. तापमान वाढले तरी तेल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेल्या बहुवारिकांच्या लांब साखळ्या दोन धातुपृष्ठांमध्ये भरडल्या जाऊन तुटतात. झीज रोखणारे, जस्त आणि फॉस्फरस असलेले संयुगही खर्ची पडते. चौथा बदल बाहेरून येतो : हवेच्या गाळणीतून सुटलेली धूळ आणि धातूचा कीस.

रंगाबद्दलही इथेच सांगायला हवे. 'ऑईल काळे पडले, आता बदला' हा निकष फारसा विश्वासार्ह नाही. तेलातील अपमार्जके काजळीचे कण धुऊन काढतात आणि ते साचू नयेत म्हणून तेलात तरंगत ठेवतात. डिझेल इंजिनात नवे तेल काही शे किलोमीटरांतच काळे होते. काळे तेल बहुधा आपले काम करत असते. उलट, अल्कधर्मी द्रव्य संपलेले तेल नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही.

टॅक्सीने न दिलेली परीक्षा

आता पुन्हा न्यूयॉर्ककडे वळू. शहरातली टॅक्सी दिवसभर चालते. तिचे इंजिन क्वचितच पूर्ण थंड होते. म्हणजे वर सांगितलेला दुसरा बदल, पाणी आणि पेट्रोल तेलात साचण्याचा, या चाचणीत जवळजवळ घडलाच नाही. समजा, टॅक्सी दिवसाला १०० मैल चालते आणि दिवसातून एकदाच थंड इंजिनाने सुरू होते. ३,००० मैल होईपर्यंत थंड सुरुवाती झाल्या ३०. याउलट घरापासून ३ किलोमीटरवरच्या शाळेत मोटारीने जाणारे शिक्षक घ्या. तेवढेच, म्हणजे ४,८०० किलोमीटर होईपर्यंत त्यांच्या इंजिनाच्या सुरुवाती होतील १,६००. अंतर सारखे असले तरी तेलाचे आयुष्य सारखे कसे मानायचे? शहरी टॅक्सीला थंड सुरुवाती फारशा कराव्या लागत नाहीत, ही मर्यादा मासिकाने स्वतःच नोंदवली होती. दाखला देणाऱ्यांनी ती गाळली.

दुसरा आक्षेप संख्येचा. ७५ टॅक्सी हा आकडा भारदस्त वाटतो. पण त्यातील बहुतेक टॅक्सी तेलांच्या तुलनेसाठी होत्या. दोन अंतरांची तुलना मोजक्या गाड्यांवर झाली. इतक्या लहान गटांत फरक 'आढळला नाही', याचा अर्थ फरक 'नाही' असा होत नाही. मोठा फरक असता तर तो दिसला असता, एवढेच म्हणता येते. हा भेद वर्गात पुष्कळदा निसटतो. बारीक अक्षरे दूरच्या फळ्यावर दिसली नाहीत म्हणून फळा कोरा ठरत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा. १९९६ नंतर इंजिने आणि तेले दोन्ही बदलली. तेलांचे वर्ग ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०२० साली पेट्रोल इंजिनांसाठी 'एसपी' हा नवा वर्ग आणला. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ इंधनात गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांपर्यंत खाली आले. आधीच्या टप्प्यात ते ५० होते. गंधक कमी, म्हणून आम्लही कमी. दुसऱ्या बाजूला, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी टर्बो इंजिने आली. त्यांत काजळी आणि पेट्रोल तेलात मिसळण्याची शक्यता अधिक. काही बदल तेलाचे आयुष्य वाढवणारे आहेत, काही कमी करणारे. जुना निष्कर्ष आजच्या गाडीला जसाच्या तसा लावता येत नाही. गॅरेजमधला जुना नियमही लावता येत नाही.

आकड्याऐवजी हिशेब

या प्रश्नाचा अधिक शास्त्रीय विचार त्या चाचणीच्या आधीच झाला होता, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. जनरल मोटर्समधील शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की या संशोधकांनी १९८७ साली तेल बदलण्याची वेळ आपोआप सांगणाऱ्या पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. गाडी निरनिराळ्या प्रकारे चालवून, मधूनमधून तेलाचे नमुने तपासून त्यांनी पाहिले, की महामार्गावरच्या सहज प्रवासात तेल सावकाश खराब होते. खूप तापलेल्या आणि खूप थंड, अशा दोन्ही टोकांना ते लवकर खराब होते. यावरून त्यांनी हिशेबाची रीत बसवली. इंजिनाचे फेरे मोजायचे आणि त्या वेळी तेल फार गरम किंवा फार थंड असेल तर ते फेरे जास्त वजनाने धरायचे. १९८८ पासून ही पद्धत प्रत्यक्ष मोटारींत येऊ लागली.

या रीतीचेही परीक्षण हवेच. ती तेलाची तपासणी करत नाही, त्याच्या आयुष्याचा अंदाज बांधते. हवेची गाळणी फाटली, चुकीच्या दर्जाचे तेल भरले किंवा तेलाची पातळी खाली गेली, तर हिशेबाला ते कळत नाही. डिपस्टिक काढून पाहण्याचे काम चालकाकडेच राहते. तरीही या पद्धतीने प्रश्न नीट मांडला. 'किती किलोमीटर?' या प्रश्नाच्या जागी 'ते किलोमीटर कसे गेले?' हा प्रश्न आला.

आपल्या रस्त्यांवर

अमेरिकेतले निष्कर्ष महाराष्ट्रात वापरताना दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते. तिथल्या उत्तरेकडील हिवाळ्यात इंजिन शून्याखालच्या तापमानातून तापायचे असते. आपल्याकडे सकाळी पंचवीस-तीस अंशांवरून सुरुवात होते, त्यामुळे छोट्या फेऱ्यांचा दोष तुलनेने कमी. पण धूळ, उन्हाळा, घाट आणि सिग्नलला गाडी चालू ठेवून थांबणे हे आपल्या वाट्याला भरपूर येते. थांबलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, तेलाचे वय मात्र वाढते. म्हणूनच पुस्तिकांमध्ये खडतर वापरासाठी वेगळा, कमी अंतराचा तक्ता दिलेला असतो. तो क्वचितच वाचला जातो.

वर उल्लेख केलेल्या शिक्षकांची गाडी वर्षातले २२० दिवस शाळेत ये-जा करण्यापुरतीच चालली, तर वर्षाला १,३२० किलोमीटर होतात. १०,००० किलोमीटर व्हायला साडेसात वर्षे लागतील. त्यांच्यासाठी पुस्तिकेतले महत्त्वाचे शब्द 'किंवा एक वर्ष' हे आहेत. याच गावातून रोज ८० किलोमीटर महामार्गावर जाणाऱ्या माणसाने पाच हजाराला तेल बदलणे म्हणजे बहुधा चांगले तेल फेकणे होय.

हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. एका गाडीत साडेतीन लिटर तेल धरले आणि वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या एक लाख गाड्यांनी एकदाऐवजी दोनदा तेल बदलले, तर साडेतीन लाख लिटर जादा जळके तेल तयार होते. त्यात धातूंचे कण आणि घातक हायड्रोकार्बने असतात. ते गटारात किंवा विहिरीजवळच्या जमिनीत ओतले, तर पाणी बिघडते. भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. त्याचे शुद्धीकरण करून पुन्हा तेल बनवता येते, आणि ते होईल हे पाहण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून उत्पादकांवरही टाकली आहे. उलट बाजूने, खरोखर संपलेले तेल काटकसर म्हणून तसेच ठेवले तर गाळाने तेलाचे मार्ग तुंबतात आणि लाखाच्या घरातले इंजिन जाते. चूक दोन्हीकडे महाग आहे.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या वर्गात हा विषय एका तासात घेता येईल. मुलांना घरच्या किंवा ओळखीच्या वाहनाची पुस्तिका आणायला सांगावे. तेल बदलण्याचा आकडा, त्याला जोडलेल्या अटी आणि खडतर वापराचा तक्ता फळ्यावर मांडावा. मग प्रत्येकाने आपले वाहन कोणत्या रकान्यात बसते ते कारणासह सांगावे. शेवटी टॅक्सींच्या चाचणीचा निष्कर्ष वाचून दाखवावा आणि तो कोणत्या वाहनाला लागू पडतो, कोणत्याला नाही, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या चाचणीने एक गोष्ट नक्की दाखवली : सतत चालणाऱ्या, तापलेल्या इंजिनात, त्या काळच्या तेलानेही ३,००० मैलांची घाई दिसण्याजोगा फायदा देत नव्हती. हा निष्कर्ष मोलाचा आहे, आणि त्याचे मोल त्यातल्या 'सतत चालणाऱ्या' आणि 'तापलेल्या' या दोन शब्दांसकट आहे. हे शब्द गाळून तो सांगितला, की एका जुन्या ठोकताळ्याच्या जागी दुसरा ठोकताळा येतो, आणि दुसऱ्याला विज्ञानाचे नाव असल्यामुळे तो पुसणे अधिक कठीण होते.