'सिलोआम' : एका ग्रीक निर्वचनाचा विचार

योहानाच्या शुभवर्तमानात (9:7) येशू एका जन्मांधास सिलोआमच्या कुंडावर जाऊन डोळे धुण्यास सांगतो. तेथे कथेचा ओघ थांबवून ग्रंथकार त्या नावाचा अर्थ देतो : 'आपेस्तालमेनोस', म्हणजे 'पाठविलेला'. ही लोकव्युत्पत्ती आहे असे एक पक्ष म्हणतो; हे ख्रिस्ताचेच सूचक नाम होय, असे दुसरा. दोन्ही पक्ष घाई करतात.

मूळ हिब्रू नाव 'शिलोअह'. त्यातील धातूचा अर्थ 'पाठविणे' तसाच 'सोडणे' असाही आहे. गीहोन झऱ्याचे पाणी पाटाने खाली सोडले जाई. आपल्याकडील 'पाणी सोडणे' या प्रयोगाने हा अर्थ सहज उमगतो. हिज्कीयाचा म्हणून ओळखला जाणारा सुमारे 533 मीटर लांबीचा बोगदा आणि त्यात 1880 मध्ये सापडलेला शिलालेख प्रसिद्धच आहे. तथापि यशयाच्या आठव्या अध्यायात हे नाव हिज्कीयाचा पिता आहाज याच्या काळासंदर्भात येते. तेव्हा ते बोगद्याहून जुन्या पाटाचे असावे.

धातूपुरते योहानाचे निर्वचन निर्दोष आहे. रूप मात्र जुळत नाही. कर्मणि धातुसाधित 'शालूअह' असे झाले असते. याउलट, नहेम्याच्या ग्रंथात (3:15) याच व्यंजनांनी लिहिलेल्या 'शेलह' कुंडाचे नाव ग्रीक भाषांतरकाराने 'मेंढीची कातडी' या अर्थाने घेतले आहे. त्याच्या शेजारी योहानाला अज्ञ ठरविणे अन्यायाचे होईल. रूपापेक्षा अर्थाला प्रमाण मानणारी यास्काची निर्वचनपद्धती ज्यांना परिचित आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

ख्रिस्तसूचक अर्थाचा मुख्य आधार पुल्लिंग हा आहे. कुंडवाचक 'कोलुम्बेथ्रा' स्त्रीलिंगी. मग 'पाठविलेला' कोण? परंतु मूळ वाक्यात 'सिलोआम' या नावामागील षष्ठीचे उपपद 'तू' हे पुल्लिंगीही असू शकते. लिंगसंगती तेवढ्यानेच साधते. शिवाय हेच कर्मणि रूप या ग्रंथात अन्यत्र बाप्तिस्मा करणाऱ्या योहानासाठी येते (1:6, 3:28). येशूविषयी बहुधा 'पित्याने मला पाठविले' अशी कर्तरी रचना असते. तीनच वचने आधी (9:4) तर 'पेम्पो' हा निराळाच धातू आहे. सूचकार्थाच्या पुरस्कर्त्यांनी याचे उत्तर क्वचितच दिले आहे.

तरीही सूचकार्थ टाकून देता येत नाही. योहान बेथेस्दाचा अर्थ सांगत नाही. गब्बथा व गुलगुथा यांच्यापाशी तो ग्रीक व हिब्रू नावे शेजारी ठेवतो. 'याचा अर्थ असा होतो' हे क्रियापद स्थलनामापुढे तो येथेच योजतो. एरवी ते केफासारख्या व्यक्तिनामापुढे येते. स्थलनामास व्यक्तिनामासारखे वागविणे, हा लिंगाहून बळकट पुरावा होय. मराठी भाषांतरकाराने 'कुंड' या नपुंसक शब्दाशी जुळवून 'पाठविलेले' असे लिहिल्यास व्याकरण साधेल, पण हा पुरावा वाचकाच्या दृष्टीआड होईल.