चार स्वरांची उतरण

चंद्रपूरच्या माझ्या खोलीत रेकॉर्डचे दोन कप्पे आहेत. वरच्या कप्प्यात जॅझ. खालच्यात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं इटालियन संगीत, म्हणजे सुरुवातीचं बरोक. घरी येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, 'या दोघांचा काय संबंध?' प्रश्नामागची समजूत अशी असते की जॅझ म्हणजे मनमोकळा दंगा आणि बरोक म्हणजे विग घातलेल्या लोकांचं गणित. बरीच वर्षं माझीही समजूत जवळपास हीच होती. मला दोन्ही आवडायचं, पण का ते सांगता येत नसे. ते सांगून गेले माझे मोठेबाबा. ते झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे.

आधी खालच्या कप्प्याबद्दल. क्लाउदियो मोन्तेवेर्दीचा मॅड्रिगल-गीतांचा आठवा संग्रह १६३८ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात एका अप्सरेचा विलाप आहे. प्रियकर सोडून गेलाय, ती रडतेय, आणि तीन पुरुष बाजूला उभे राहून तिच्याबद्दल हळहळतायत. तिच्या विलापाखाली बेसमध्ये फक्त चार स्वर आहेत. आपल्या भाषेत सा, कोमल नी, कोमल ध, प. हे चार स्वर तीसहून अधिक वेळा, न बदलता, खाली उतरत राहतात. गाणारी मात्र त्या चौकटीत बसायला तयार नाही. बेसची फेरी संपते तेव्हा तिचं वाक्य अर्धवट असतं. नवी फेरी सुरू होते तेव्हा ती अजून मागच्याच दुःखात असते. मोन्तेवेर्दीने सूचनाही दिली आहे: पुरुषांनी हाताच्या तालावर गायचं, अप्सरेने मनाच्या तालावर.

आता वरचा कप्पा. बिली हॉलिडेने १९३७ साली लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनसोबत केलेल्या रेकॉर्ड ऐका. मागे ताल घड्याळासारखा चालू आहे आणि ती शब्द किंचित उशिरा ठेवते. चुकून नाही, ठरवून. ती मागे राहते आणि त्या फटीत आपल्याला तिचं मन ऐकू येतं. तीनशे वर्षांचं अंतर आहे, पण युक्ती तीच. खालचं स्थिर, म्हणून वरचं मोकळं.

कागदावरही दोघांचं साम्य दिसतं. १६०२ साली फ्लॉरेन्समध्ये जुलिओ काच्चीनीने छापलेली गाणी पाहिली तर पानावर गायकाची ओळ आहे, खाली बेस आणि त्यावर थोडे आकडे. बाकी सगळं वादकाने त्या क्षणी भरायचं. जॅझवाल्याच्या कागदावरही धून आणि कॉर्डची नावं, एवढंच. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. जॅझमधला एकल वादक मूळ धून मागे टाकून दूर निघून जाऊ शकतो. बरोकमधला साथीदार गायकाला सोडून जात नाही. पण दोन्हीकडे अर्धं संगीत लिहिलेलंच नसतं, आणि ते उरलेलं अर्धं रोज वेगळं असतं.

इथेच माझ्यासारख्या संग्राहकाची फजिती होते. १९३९ साली कोलमन हॉकिन्सने 'बॉडी अँड सोल' वाजवलं. मूळ धून सुरुवातीला जेमतेम दाखवली आणि मग तीन मिनिटं स्वतःचं रचत गेला. ७८च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. तो त्या दिवशीचा एक प्रयत्न होता. पण तबकडी निघाली आणि लोकांनी ती पाठ केली. पुढे एडी जेफरसनने त्या उत्स्फूर्त वादनावर शब्द बसवून गायलं. वाऱ्याची झुळूक दगडात कोरावी तसं झालं.

आणि तो दगड आपल्या ओळखीचा आहे. ७८च्या तबकडीत दगडाची भुकटी आणि काजळी असायची. त्यांना धरून ठेवायची ती लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर जगणाऱ्या किड्याची लाख. ही झाडं आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या रानात भरपूर आहेत. लाखेचा मोठा पुरवठा भारतातूनच व्हायचा, म्हणून दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेला रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेवर निर्बंध घालावे लागले. जुनी तबकडी हातात घेतली की मला ती परदेशी वाटत नाही.

हे दोन्ही कप्पे आपल्याकडे आधीच एकदा जवळ आले होते. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. त्या परंपरेतून आलेले वादक मुंबईला गेले आणि हॉटेलांत जॅझ वाजवू लागले. हळदोण्याचा आंतोनियो झेव्हियर वाझ तिथे 'चिक चॉकलेट' झाला, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'मध्ये त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' वाचलं की कळतं, असे किती वादक रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत राबत होते. गाणी आपल्याला पाठ आहेत. वाजवणाऱ्यांची नावं बहुतेकांना ठाऊक नाहीत.

मोठेबाबांचंही तेच. दिवाळीनंतर धान निघालं की वडशाच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव सुरू होतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणं नटीने कधी खालच्या पट्टीत उचललं, कधी 'वन्स मोअर' आला, कधी कोणी कडवंच विसरलं, तर ऑर्गनवाल्याने ते प्रेक्षकाला कळू न देता सावरायचं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हाला आनंद झाला. झाडीपट्टीतला नट देशाला दिसला. साथीदार मात्र मंचाच्या कडेला, अर्ध्या उजेडात बसतो.

एकदा ते माझ्याकडे मुक्कामी होते. मी अप्सरेचा विलाप लावला. अर्थ सांगितला नाही. ते डोळे मिटून ऐकत होते आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर त्या चार स्वरांवरून उतरत होती. संपल्यावर म्हणाले, ''हे त आमचंच काम होय. बाई रडून राह्यली, तिले रडू द्याचं. आपण घर नाही सोडाचं.''

मी पुढे सरसावून सांगितलं की याची माझ्याकडे सात रेकॉर्डिंग आहेत आणि त्यातलं हे सर्वोत्तम आहे. ते हसले. ''सातही रात्री येगळ्या असन ना?''

समीक्षा म्हणून माझ्याकडे याहून जास्त काही नाही. ज्या संगीताचं अर्धं अंग त्या क्षणी घडतं, त्याची सर्वोत्तम आवृत्ती नसते. तिथे निवाडा करायचाच तर तो एवढाच: साथीदाराने घर सोडलं का? आणि गाणारीला रडू दिलं का? या कसोटीवर माझं तेव्हाचं आवडतं रेकॉर्डिंग कच्चं ठरतं. त्यात साथीची वाद्यं इतकी सजलेली आहेत की गाणारीला ठेचकाळायला जागाच नाही. फक्त एका वाद्याची साथ असलेलं, साधं वाटणारं एक रेकॉर्डिंग मी बाजूला ठेवलं होतं. आता मी तेच जास्त ऐकतो.

तुम्ही फोनवर शोधाल तर हा विलाप अनेकांनी गायलेला सापडेल. एक ऐकून थांबू नका. दोन ऐका, लागोपाठ. चार स्वर तेच असतील. त्यांच्यावर काय बांधलंय, ते पाहा.

मोठेबाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. माझ्याकडे अप्सरेच्या विलापाची आता नऊ रेकॉर्डिंग आहेत. मोठेबाबांच्या वाजवण्याचं एकही नाही. ते वाजवत होते तेव्हा खिशात फोन होता. पण नाटकाला गेलो की पहिल्या अंकानंतर मी गाडीत जाऊन झोपायचो.